जोधपूर ते मरू उद्यान : पडीक म्हणतात त्या वाटेने

आज आपण केनवडपासून पार राजस्थानच्या वाळवंटात जाणार आहोत. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या नऊ जणी ही वाट करून आल्या. जोधपूरसारख्या मोठ्या शहरातून निघून जैसलमेरच्या पुढे असलेल्या मरू राष्ट्रीय उद्यानापर्यंत. तेव्हापासून गावात भेटेल ती विचारते, "तिथं नुसती रेतीच ना? मग पाहायला काय गेलत्या?" त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा कार्यक्रम.

आधी जाण्याचं सांगतो. केनवडहून मालेगाव, पातूर करत अकोला. अकोल्याहून रेल्वेने भुसावळ, सुरत मार्गे अहमदाबाद, आणि तिथून दुसऱ्या गाडीने जोधपूर. जोधपूर ते जैसलमेर रस्त्याने साधारण २८० कि.मी. आहे. जैसलमेरपासून सम गावच्या रेतीच्या टेकड्या ४० कि.मी., आणि उद्यानातला सुदासरीचा भाग ६० कि.मी.च्या आसपास. जोधपूरहून भाड्याची गाडी करावी लागते. गाडीवाले कि.मी.मागे भाव सांगतात, पण दिवसाला किमान अडीचशे-तीनशे कि.मी.चे पैसे धरतात आणि ड्रायव्हरच्या रात्रीच्या मुक्कामाचे वेगळे. हे आधी विचारून कागदावर लिहून घ्यायचं. गटात हिशेब लिहायची सवय आपल्याला आहेच, ती इथं कामी येते. जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात. या वाटेच्या उत्तरेला फलोदी गाव आहे. तिथं १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आपल्याकडे अकोल्याच्या उन्हाला आपण नावं ठेवतो, त्याच्याही वरचं ते. आणि हिवाळ्यात रात्री इतकी थंडी पडते की आम्ही सोबत नेलेल्या शाली कमी पडल्या. रेती लवकर तापते, तशीच लवकर निवते.

आता पाण्याचं. वाळवंटातल्या रस्त्यावर माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी गाडीत पाहिजे, हिवाळ्यात सुद्धा. हवा इतकी कोरडी असते की घाम आला तरी कळत नाही, अंगावरच वाळतो. तहान लागायची वाट पाहायची नाही, थोडं थोडं पीत राहायचं. पण बायकांची अडचण वेगळीच असते, आणि ती कुणी बोलत नाही. रस्त्यात संडास-मोरीची सोय नसते म्हणून आपण पाणीच पीत नाही. शेतात निंदायला जातानाही आपण हेच करतो. लघवी तुंबवून ठेवली, पाणी कमी प्यालं, की लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. प्रवासात एखादीला चक्कर आली तर सगळे म्हणतात ऊन लागलं. पुष्कळदा ते ऊन नसतं, सकाळपासून न प्यालेलं पाणी असतं.

म्हणून आम्ही निघतानाच ड्रायव्हरदादाला सांगून ठेवलं, दर दोन तासांनी गाडी थांबेल. पेट्रोल पंप, धाबा, काहीच नसेल तर झुडपाचा आडोसा आणि एक जुनं लुगडं धरायला दोघी. पहिल्या वेळी सगळ्या लाजल्या, तिसऱ्या वेळी कुणी लाजलं नाही. पाळीचे कपडे किंवा पॅड, आणि वापरलेले परत आणायला जाड पिशवी, हे सामानात पहिलं. रेतीत काही पुरायचं नाही, कुत्री आणि कोल्हे उकरून काढतात. मीठ-साखरेच्या पाण्याचं माप सगळ्यांना पाठ पाहिजे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. कुणी बरळायला लागली, अंग तापलं, शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात. तेव्हा तोंडात पाणी ओतायचं नाही. सावलीत निजवायचं, कपडे सैल करून ओले करायचे, वारा घालायचा आणि गाडी थेट दवाखान्याकडे घ्यायची.

जोधपूर सोडलं की बालेसरच्या आसपास दगडाच्या खाणी लागतात. जोधपूरची घरं ज्या तांबूस दगडाची आहेत तोच हा दगड. पुढे देचू गावाकडे रेतीचे उंचवटे दिसायला लागतात आणि झाडं विरळ होतात. पण एक झाड सुटत नाही. त्याला तिकडे खेजडी म्हणतात. आम्ही खाली उतरून पान हातात घेतलं, तर ती आपली शमी! दसऱ्याला जिची आपण पूजा करतो, पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली असं सांगतात, तीच. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. त्या वाळवून वर्षभर भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना होतो, आणि तिच्या सावलीत बाजरीही बरी येते. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली राजाच्या माणसांनी महालाचा चुना भाजायला ही झाडं तोडायला घेतली. बिश्नोई समाजातल्या अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांचा आणि त्यांच्या मुलींचा जीव गेला. त्यांच्यामागून आसपासच्या गावांतली माणसं येत गेली. एकूण ३६३ जणांनी जीव दिला, असं तिथं सांगतात आणि मानतात. चिपको आंदोलनाचं नाव आपण ऐकलेलं असतं. ही त्याच्या अडीचशे वर्षं आधीची गोष्ट.

पुढचं मोठं गाव पोखरण. १९७४ आणि १९९८ साली इथल्याच लष्करी हद्दीत अणुचाचण्या झाल्या. पोखरणजवळ रामदेवरा आहे, रामदेवबाबांचं मोठं ठिकाण. आपल्याकडच्या मारवाडी घरांतून अजूनही तिथं नवस फेडायला जातात. आमच्यातल्या तांड्यावरच्या दोघींना तर जोधपूरपासूनच बोली ओळखीची लागायला लागली होती. आपल्या जिल्ह्यात पोहरादेवी आहे, सेवालाल महाराजांचं ठिकाण. बंजारा समाजाचे वाडवडील मारवाडातून लदेणीचे बैल हाकत दक्षिणेत उतरले असं म्हातारी माणसं सांगतात. धाब्यावर भाकरी वाढणारी बाई आणि आमच्या या दोघी कुणीही दुभाषी न घेता अर्धा तास बोलत बसल्या. बाकीच्या आम्ही सात जणी जेवत राहिलो.

पोखरणपासून जैसलमेरपर्यंतचा रस्ता सरळ आणि गुळगुळीत आहे. धोका त्यातच आहे. गाडी वेगात जाते आणि गाई, मेंढ्या, उंट एकदम रस्त्यावर येतात. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम मोडायचा नाही. उंटाला गाडी धडकली तर तो टपावर येऊन पडतो. दिवाळीनंतर आपल्याकडे कच्छकडचे रबारी मेंढ्या बसवायला येतात, त्यांच्यासोबत उंट असतात. आपल्या गावच्या पोरांनी उंट पाहिलेला असतो तो त्यांचाच.

आता उद्यान. नावात राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याच्या कागदावर ते अभयारण्य आहे, १९८० साली जाहीर झालेलं. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौ. कि.मी. म्हणजे आपल्या वाशिम जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठं. आत पुष्कळ गावं आहेत, ढाण्या आहेत, शेतं आणि कळप आहेत. सिनेमात दिसतात तशा रेतीच्या टेकड्या त्यातल्या काही भागातच आहेत. बाकी काय आहे? मुरमाड माळ, खडक, झुडपं आणि गवत. सेवण नावाचं गवत तिथं बुचक्या बुचक्यांनी वाढतं. पाऊस नसला तरी त्याच्या मुळ्या जिवंत राहतात, एक सर आली की हिरवं होतं. गाईंसाठी त्याच्यापेक्षा चांगला चारा तिकडे नाही. आमच्यातली एक तिथं उभी राहून म्हणाली, "हे तर आपल्या ई-क्लाससारखंच दिसते." खरंच तसंच होतं.

आम्हाला चिंकारा दिसले, गिधाडं दिसली, वाळवंटी कोल्हा लांबून दिसला. ज्याच्यासाठी हे उद्यान नावाजलेलं आहे तो पक्षी मात्र दिसला नाही. तो माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्या राज्याचा पक्षी आहे. उंचीला मीटरभर, आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड थोडेच. अख्ख्या भारतात मिळून आज ते दीडशेसुद्धा उरलेले नाहीत असं मानतात, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्याच भागात आहेत.

एक काळ होता, आपल्या महाराष्ट्रात माळढोक होते. सोलापूरजवळ नान्नजला त्यांच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडेही ते होते. आता नान्नजला माळ आहे, काळवीट आहेत, माळढोक दिसणं जवळपास संपलं. असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. घरटं असं काही नसतंच. भटकं कुत्रं आलं, कावळा आला, नांगर फिरला, की ते वर्ष गेलं. शिकारीने पुष्कळ मारले. माळ नांगरले गेले. आणि आता राहिलं ते विजेच्या तारांचं. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला बाजूचं चांगलं दिसतं, समोरचं कमी. उडताना तो खाली जमीन पाहत जातो, तार समोर आलेली उशिरा कळते, आणि अंग जड असल्याने झटकन वळता येत नाही. मोठ्या लाइनवर आपटून ते मरतात.

जैसलमेरकडे तारांचं जाळं का वाढलं? कारण तिथं ऊन आणि वारा भरपूर, आणि सरकारी कागदावर जमीन पडीक. पवनचक्क्या आल्या, सोलरची शेतं आली, वीज बाहेर न्यायला मोठमोठे मनोरे आले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की माळढोकाच्या भागातल्या तारा शक्य तिथं जमिनीखालून न्या आणि बाकीच्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा. मग कंपन्या आणि सरकार म्हणाले, एवढ्या मोठ्या लाइनी जमिनीखाली घालणं जमणारं नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आधीचा आदेश सैल केला आणि जाणकारांची समिती नेमली. रस्त्याच्या कडेला तारांवर वाऱ्याने फिरणाऱ्या त्या चकत्या आम्ही पाहिल्या. काही लाइनींवर होत्या, काहींवर नव्हत्या. समला आणि रामदेवऱ्याला माळढोकाची अंडी उबवून पिल्लं वाढवायची केंद्रं सुरू आहेत, आणि २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्मलं. ते चांगलंच आहे. पण पिल्लं मोठी झाली की सोडायला माळ पाहिजे.

इथं आमच्यात वाद झाला, तो तुम्हालाही सांगतो. आमच्यातली एक म्हणाली, सोलर नको म्हणून कसं चालेल? आपल्या नवऱ्याला रात्री दोन वाजता मोटार चालू करायला शेतात जावं लागतं, साप-विंचवाचं भ्या असते, दिवसा वीज मिळाली तर आपलंच बरं. खरंय तिचं. आम्हालाही दिवसा वीज पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की सोलरसाठी जमीन निवडताना कोणती निवडतात, आणि ती पडीक आहे हे कोण ठरवतं. जैसलमेरकडे ओरण असतात, देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही, पण गुरं चरतात. पुष्कळ ओरण महसूलच्या कागदावर नुसती सरकारी पडीक जमीन म्हणून लागलेली आहेत. त्यामुळे कंपनीला देताना कुणाला विचारायची गरज पडत नाही. देगराय मातेच्या ओरणासाठी तिथली मंडळी याच कारणाने भांडत आली आहेत. जमिनीचं काम बायका-गुराख्यांना माहीत असतं, पण सातबाऱ्यावर त्याला रकाना नाही.

आता टाक्याचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण आम्हाला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते तिथं. जैसलमेरला वर्षाला साधारण वीस सेंटीमीटरच पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या चौपट तरी पडतो. तरी तिथली माणसं शेकडो वर्षं राहिली. घराशेजारी जमिनीत गोल टाकं खोदतात. शब्दही तोच, टांका. त्याच्या भोवतीची जमीन चारी बाजूंनी टाक्याकडे उताराची करून चोपून घट्ट करतात. तिला आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी आगोर झाडून घ्यायचा, त्यावर चपला घालून जायचं नाही, जनावर येऊ द्यायचं नाही. पाणी आत शिरतं त्या भोकांना जाळी किंवा काटे, वर झाकण, आणि झाकणाला कुलूप. दहा फूट रुंद आणि दहा फूट खोल टाक्यात साधारण २२ हजार लिटर पाणी मावतं. पिण्यापुरतं वापरलं तर एका घराला कित्येक महिने पुरतं. काही गावांत रेतीखाली खडूसारख्या खडकाचा थर असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. तिथं अरुंद बेऱ्या खोदतात आणि रेतीत मुरलेलं पाणी थेंब थेंब जमा होतं ते उपसतात. अनुपम मिश्र यांनी १९९५ साली 'राजस्थान की रजत बूंदें' या हिंदी पुस्तकात हे सगळं बारकाईने लिहून ठेवलं आहे.

परत येताना गाडीत आम्ही हिशेब मांडला. आपल्या घरावर ५०० चौरस फूट टिन आहे असं धरा. वर्षाला ७५ सेंटीमीटर पाऊस धरला तर त्या टिनावर ३४ हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला तरी २७-२८ हजार लिटर राहतं. वाळवंटातल्या बाईचं टाकं भरून वर उरेल इतकं. ते सगळं आपण पन्हाळीतून अंगणात आणि अंगणातून नालीत सोडतो, आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतो. आमच्या गटातल्या दोघींनी या पावसाळ्याआधी पन्हाळीला पाइप लावून सिमेंटची टाकी जोडायचं ठरवलंय. पहिल्या दोन पावसांचं पाणी टाकीत घ्यायचं नाही, टिनावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यात येते. ज्यांना टाकी परवडणार नाही त्यांनी तेच पाणी विहिरीत किंवा बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडायला काही हरकत नाही.

शेवटी आपल्या जिल्ह्याबद्दल. माळढोकाचा एक लहान भाऊबंद आहे, तणमोर. कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारतो. तो अकोला-वाशिमच्या माळरानावर आढळला आहे. त्याला ओळखणारे, त्याच्या जागा माहीत असणारे लोक म्हणजे फासेपारधी. त्यांच्यातल्याच मंडळींनी कारंजा लाडच्या 'संवेदना' संस्थेसोबत गवताचे माळ आणि तणमोर राखायचं काम केलं. ज्यांना गावाने कायम शिकारी म्हणून हाकललं, त्यांनीच हे केलं हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. आणि कारंजा तालुक्यातच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, १८ चौ. कि.मी.चं. आमच्यातल्या आठ जणींनी ते पाहिलेलं नव्हतं.

आपल्या गावच्या ई-क्लासचंही एक सांगून ठेवतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधल्या एका खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्यानंतर १२ जुलै २०११ ला महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की गायरान खासगी माणसाला किंवा संस्थेला द्यायचं नाही. सार्वजनिक कामासाठी दुसरी जमीनच नसेल तरच त्याचा विचार करायचा. आता सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी मागितल्या जात आहेत, त्यात गायरानंही येतात. तुमच्या ग्रामसभेत असा ठराव आला तर विरोध करा किंवा पाठिंबा द्या, ते तुम्ही ठरवा. पण त्याआधी तलाठ्याकडे जाऊन त्या गटाचा सातबारा पाहा, आणि तिथं किती घरच्या शेळ्या-गाई चरतात, सरपण कोण आणतं, कोणत्या महिन्यात गवत कापतात, हे कागदावर लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा.

ज्यांना राजस्थान जमणार नाही त्यांनी एका दिवसात कारंजा-सोहोळला जाऊन यावं. पहाटे निघायचं. ऊन चढलं की काळवीट झुडपांच्या सावलीला बसतात, मग ते दिसत नाहीत. भडक रंगाचं लुगडं नको, गवतात पाय टाकताना खाली पाहायचं, आणि पाण्याच्या बाटल्या भरून न्यायच्या, माणशी दोन.